वयाचा रकाना रिकामा ठेवू नका

गेल्या महिन्यात या सदरात मी एक वाक्य लिहिलं होतं: मोठ्या आतड्याचा कर्करोग हा एकच एक आजार नव्हे, त्याचा प्रकार, त्याची जागा आणि त्याची वागणूक वयाप्रमाणे आणि बाई-पुरुषाप्रमाणे बदलते. त्यावर इतकी पत्रं आली, की हे सदर या वेळी त्यांनाच दिलं आहे. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. ३१ वर्षं सूक्ष्मदर्शकाशी बसते. रुग्ण मला सहसा भेटत नाहीत, त्यांच्या गाठीचा तुकडा भेटतो. तो मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला, केसापेक्षा कितीतरी पातळ कापलेला, गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवलेला असतो. सोबत एक फॉर्म येतो. त्यावर नाव, वय, लिंग आणि गाठीची जागा एवढंच. पत्र लिहिणाऱ्यांची नावं अर्थातच इथे दिलेली नाहीत.

प्रश्न: मी ३४ वर्षांचा आहे. सात महिने शौचावाटे रक्त जात होतं. दोन डॉक्टरांनी मूळव्याध समजून मलम आणि गोळ्या दिल्या. शेवटी दुर्बिणीतून तपासणी झाली तेव्हा गुदाशयात गाठ निघाली. रिपोर्टमध्ये ‘म्युसिनस ॲडेनोकार्सिनोमा’ असं लिहिलंय. हा तर म्हातारपणचा आजार ना? माझा प्रकार वेगळा आहे का?

‘सात महिने’ वाचून मी तुमचं पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं. तरुण रुग्णांच्या फॉर्मवर असे कालावधी मी सतत वाचते आणि दर वेळी तितकाच त्रास होतो.

आधी तुमच्या रिपोर्टमधला शब्द. मोठ्या आतड्याच्या कर्करोगांपैकी ९० टक्क्यांहून जास्त ॲडेनोकार्सिनोमा असतात, म्हणजे आतड्याच्या अस्तरातल्या ग्रंथींपासून उगवलेले. तुमचाही त्यातलाच. ‘म्युसिनस’ म्हणजे गाठीच्या निम्म्याहून जास्त भागात म्युसिन नावाचा बुळबुळीत स्राव साठला आहे आणि कर्करोगाच्या पेशी त्या तळ्यात तरंगताहेत. साधारण दहा गाठींमागे एक अशी असते. याचाच एक जास्त आडदांड भाऊबंद आहे, सिग्नेट रिंग नावाचा. त्यात पेशीच्या पोटात म्युसिन इतकं भरतं की केंद्रक कडेला ढकललं जातं आणि पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसू लागते. तो शंभरात एखादा, पण तरुणांमध्ये त्याचं प्रमाण वयस्कांपेक्षा जास्त. तुमच्या रिपोर्टमध्ये ते शब्द नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण इंटरनेटवर ही दोन्ही नावं एका दमात वाचायला मिळतात आणि माणूस रात्रभर झोपत नाही.

तरुणपणीचा प्रत्येक कर्करोग असा वेगळ्या जातीचा असतो, असं मात्र समजू नका. पन्नाशीच्या आतल्या बहुतेक रुग्णांची गाठ काचेखाली सत्तरीतल्या माणसाच्या गाठीसारखीच दिसते. ठळक फरक पडतो तो जागेत. तरुणांच्या गाठी बहुतांशी आतड्याच्या डाव्या, शेवटच्या भागात आणि गुदाशयात असतात, अगदी तुमच्यासारख्या. म्हणजे जिथलं रक्त डोळ्यांना दिसतं तिथे. तरीही त्या उशिरा सापडतात. रुग्णाला वाटतं या वयात काय होणार, आणि डॉक्टरलाही तसंच वाटतं. गाठ मधल्या काळात पायरी-पायरीने पुढे सरकते.

‘म्हातारपणचा आजार’ हे जुनं ज्ञान आहे आणि त्याला तडा गेलाय. अमेरिकेतल्या नोंदींवरून २०१७ साली एक हिशेब मांडला गेला. १९५०च्या सुमाराला जन्मलेल्यांशी तुलना केली, तर १९९०च्या सुमाराला जन्मलेल्यांना त्याच वयात आतड्याच्या कर्करोगाचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कर्करोगाचा चौपट. म्हणूनच तिथे लक्षणं नसलेल्या माणसाचीही तपासणी सुरू करण्याचं वय २०२१ साली ५० वरून ४५ वर आणलं गेलं. कारणांमध्ये वजन, बैठं आयुष्य यांची नावं घेतली जातात, पण तेवढ्याने कोडं सुटत नाही. सडपातळ, धावणारी मुलंही माझ्या स्लाइडवर येतात. २०२५ साली ११ देशांतल्या ९८१ गाठींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही ई. कोलाय जिवाणू कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवतात आणि ते डीएनएवर विशिष्ट ओरखडे उठवतं. चाळिशीच्या आत आजारी पडलेल्यांमध्ये हे ओरखडे सत्तरीनंतरच्यांपेक्षा ३.३ पट जास्त आढळले. ते बहुधा लहानपणीच उमटले असावेत, असं संशोधकांचं म्हणणं आहे. हे अजून सिद्ध झालेलं कारण नाही, पण ‘मी काय चूक केली’ असा जो प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी लिहून खोडला आहे, त्याच्यासाठी सांगितलं.

आता दोन कामं, उपचार सुरू होण्याआधीची. एक: तुमच्या बायोप्सीवर ‘मिसमॅच रिपेअर’ प्रथिनांची तपासणी झाली का ते विचारा. पुढच्या उत्तरात तिचा अर्थ येईल. गुदाशयाच्या थोड्याच गाठींमध्ये ही प्रथिनं गायब असतात, पण ज्यांच्यात ती गायब असतात त्यांची वाट वेगळी आहे. २०२२ साली अशा १२ रुग्णांना फक्त डोस्टारलिमॅब हे प्रतिकारशक्तीवर काम करणारं औषध दिलं गेलं आणि बाराही जणांची गाठ ऑपरेशन आणि किरणोपचारांवाचून दिसेनाशी झाली. दोन: किरणोपचार आणि केमोथेरपी यांनी वडील होण्याची क्षमता जाऊ शकते. वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल आत्ताच बोला. डॉक्टरांनी विषय काढायची वाट बघू नका आणि लाजू तर अजिबात नका.

प्रश्न: आई ७६ वर्षांची. वर्षभर हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. आता मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ निघाली आणि ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये ‘पूअरली डिफरन्शिएटेड, मेड्युलरी स्वरूप, एमएलएच१ आणि पीएमएस२ अनुपस्थित’ असं आहे. एका नातेवाइकांनी सांगितलं की हा फार वाईट प्रकार आहे आणि तो मुलांमध्येही उतरतो. आम्ही तिघी बहिणी घाबरलो आहोत. लिम्फ नोड (लसिकाग्रंथी) स्वच्छ आहेत, कर्करोग तिथे पोचलेला नाही.

तुमच्या आईचा रिपोर्ट वाचताना मला तो ओळखीचा वाटला. उजवी बाजू, सत्तरीच्या पुढची बाई, मेड्युलरी स्वरूप, गेलेलं एमएलएच१: हे चौघं इतक्या वेळा हातात हात घालून येतात, की तिघं दिसले की चौथ्याला मी शोधायला लागते.

तुम्ही मासिक वाचणाऱ्या आहात, म्हणून छापखान्यातलं उदाहरण देते. पेशी दुभंगताना स्वतःच्या डीएनएची नक्कल उतरवते. नकलेत चुका होतात आणि त्या दुरुस्त करायला पेशीत मुद्रितशोधक असतात. एमएलएच१ आणि पीएमएस२ ही एक जोडी, एमएसएच२ आणि एमएसएच६ ही दुसरी. एमएलएच१ गेलं की जोडीदार पीएमएस२ही टिकत नाही, म्हणून तुमच्या रिपोर्टमध्ये दोन्ही नाहीत. मुद्रितशोधक नसले की चुका साचतात, हजारोंनी. मोठ्या आतड्याच्या साधारण १५ टक्के गाठी अशा असतात.

हे शोधक दोन तऱ्हांनी नाहीसे होतात. एक म्हणजे जन्मतःच जनुकात दोष असणं. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात, तो पिढ्यांमधून उतरतो आणि सहसा तरुणपणीच उघड होतो. दुसरी तऱ्हा वयाची आहे. एमएलएच१चं जनुक शाबूत असतं, पण वर्षं सरता सरता आतड्याच्या एखाद्या पेशीत त्याच्यावर रासायनिक कुलूप बसतं आणि ते बंद पडतं. त्या कुलपाला मेथिलेशन म्हणतात. ते फक्त गाठीत असतं आणि मुलांमध्ये उतरत नाही. १५ टक्क्यांतले बारा या दुसऱ्या तऱ्हेचे आणि तीनेक लिंचचे. या दुसऱ्या तऱ्हेत वयस्क बायकांची संख्या ठळकपणे जास्त असते.

म्हणजे काचेखाली चित्र एकच, आणि अर्थ दोन. ३५व्या वर्षी ते दिसलं तर मी घरच्यांना बोलवा म्हणून लिहिते. ७६व्या वर्षी दिसलं तर आधी कुलूप आहे का ते बघते. त्यासाठी गाठीवर बीआरएएफ नावाच्या जनुकाची तपासणी होते. त्यात व्ही६००ई हा बदल सापडला, की लिंचची शक्यता जवळजवळ संपते. तो नाही सापडला तर मेथिलेशनची तपासणी करतात. तुम्ही पाठवलेल्या कागदांत बीआरएएफची तपासणी नाही. तुमच्या डॉक्टरांना ती करायला सांगा. तिघी बहिणींची झोप त्या एका कागदावर अवलंबून आहे.

‘फार वाईट प्रकार’ याबद्दल. ‘पूअरली डिफरन्शिएटेड’ म्हणजे पेशी ग्रंथींसारखी मांडणी विसरल्या आहेत आणि थव्याने उभ्या आहेत. दिसायला त्या भीषणच दिसतात, मी शिकत होते तेव्हा मलाही दिसायच्या. पण या गाठीत चुका इतक्या साचलेल्या असतात, की शरीराच्या रक्षक पेशींना ती परकी म्हणून ओळखू येते. अशा थव्यांच्या, म्हणजे मेड्युलरी, गाठीत लिम्फोसाइट नावाच्या या रक्षक पेशी अक्षरशः आत शिरून बसलेल्या दिसतात. लिम्फ नोड स्वच्छ असलेली अशी गाठ तिच्या रूपावरून वाटतं त्यापेक्षा पुष्कळ शांतपणे वागते. या टप्प्यावर फक्त ५-एफयू या नेहमीच्या केमोथेरपीचा अशा रुग्णांना फायदा होत नाही, म्हणून कोणी ती सुचवली तर हा रिपोर्ट पुढे करून पुन्हा विचारा. कधी काळी ती पसरलीच, तर पेंब्रोलिझुमॅबसारखं प्रतिकारशक्तीवर काम करणारं औषध २०२०पासून पहिल्या फळीत आलं आहे.

आणि त्या लोहाच्या गोळ्या. आतड्याची उजवी बाजू रुंद असते आणि तिथला मळ पातळ असतो. गाठ वाढली तरी अडथळा होत नाही, रक्त थेंबाथेंबाने मळात मिसळून जातं आणि डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो थकवा. बाईचं रक्त कमी असायचंच, अशी एक समजूत घराघरांत आणि दवाखान्यांतही आहे. पाळी बंद होऊन २५ वर्षं झालेल्या बाईचं लोह जातंय कुठे, हा प्रश्न वर्षभर कोणी विचारला नाही. तुम्हाला दोष देत नाही. ज्यांनी गोळ्या लिहून दिल्या त्यांनी तो विचारायला हवा होता.

प्रश्न: माझं वय ५८, पत्नीचं ५५. ती म्हणते हा पुरुषांचा आजार, तुम्ही तपासून घ्या, मला गरज नाही. तिचं बरोबर आहे का?

अर्धं बरोबर आहे, म्हणून जास्त धोक्याचं. २०२२ साली जगभरात १९ लाखांहून जास्त नव्या रुग्णांची नोंद झाली. त्यांत पुरुष सुमारे १० लाख ७० हजार आणि बायका साडेआठ लाखांच्या वर. अमेरिकेत आयुष्यभराचा धोका पुरुषांत २४ जणांत एक आणि बायकांत २६ जणींत एक असा धरला जातो. २४ आणि २६ यांत ‘गरज नाही’ म्हणण्याइतकं अंतर मला तरी दिसत नाही.

खरा फरक जागेत आणि काळात आहे. गुदाशयाच्या गाठी पुरुषांत बऱ्याच जास्त. बायकांच्या गाठी उजवीकडे जास्त आणि काही वर्षं उशिरा. इस्ट्रोजेन आतड्याच्या अस्तराला काही संरक्षण देत असावं, असं अनेक बाजूंनी दिसतं. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या चाचणीत पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या बायकांमध्ये आतड्याचे कर्करोग कमी निघाले. पण जे निघाले ते जास्त पुढे गेलेले होते, आणि त्याच चाचणीत स्तनाचा कर्करोग व पक्षाघात वाढलेले दिसले. तेव्हा यासाठी हॉर्मोन घेण्याचा विचारही नको. दोघंही जा, एकाच दिवशी जा.

प्रश्न: मॅडम, मी २९ वर्षांची आहे. माझा दादा ४१व्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेला. आईचं गर्भाशय ४७व्या वर्षी कर्करोगामुळे काढलं होतं, ती आता बरी आहे. घरी म्हणतात, त्याचं पोटाचं दुखणं, आईचं बायकांचं, दोन्हींचा काय संबंध? आणि तुला तर काहीच होत नाही. मी उगाच काळजी करते आहे का?

नाही. दोन्हींचा संबंध असू शकतो आणि तो तपासल्याशिवाय तुम्ही थांबू नका.

१८९५ साली मिशिगन विद्यापीठातल्या आल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला त्याच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं, की मी लवकर मरणार. का, तर तिच्या घरात सगळे आतड्याच्या, पोटाच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात. वॉर्थिनने तिचं बोलणं मनावर घेतलं आणि तिच्या घराण्याची वंशावळ लिहून काढली. ती १९१३ साली छापली. ती बाई खरोखरच तरुण वयात गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. पुढे १९६०च्या दशकापासून हेन्री लिंच यांनी अशी घराणी शोधली, त्यांचंच नाव या आजाराला मिळालं. शिवणकाम करणाऱ्या त्या बाईच्या घराण्यात एमएसएच२चा दोष असल्याचं २००० साली सिद्ध झालं. तिला जे १८९५ साली ठाऊक होतं, ते कागदावर यायला १०५ वर्षं गेली.

वर मुद्रितशोधकांबद्दल लिहिलं आहे, त्यांच्यातलाच हा जन्मजात दोष. ही जनुकं लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर नसतात, त्यामुळे आईकडून मुलाला, वडिलांकडून मुलीला, कशीही उतरतात. प्रत्येक अपत्याला शक्यता निम्मी. फरक पडतो तो आजार कुठे उगवतो यात. पुरुषांमध्ये आतड्याचा धोका जास्त. बायकांमध्ये आतड्याच्या जोडीला गर्भाशयाच्या अस्तराचा धोका तितकाच मोठा असू शकतो, आणि अनेकींमध्ये तोच आधी दिसतो. म्हणून एकाच घरातला हा आजार पुरुषात पोटाचा आणि बाईत ‘बायकांचा’ होऊन बसतो, आणि कोणीच दोन टोकं जुळवत नाही.

मीही जुळवली नव्हती. २००४ सालची गोष्ट. एका बाईच्या उजव्या आतड्याची गाठ आली होती. म्युसिन भरपूर, कडेने लिम्फोसाइटची दाटी. फॉर्मवर वयाच्या रकान्यात कोणीतरी ‘प्रौढ’ एवढंच लिहिलेलं. मी निदान अचूक लिहिलं आणि सही केली. एक फोन केला असता तर कळलं असतं, की ती ३६ वर्षांची आहे. प्रथिनांची तपासणी तेव्हा आमच्याकडे होत नव्हती, पण बाहेर पाठवता आली असती. २००८ साली एका बाईचं गर्भाशय माझ्या टेबलावर आलं, कर्करोग बराच खोल गेलेला. सोबतच्या माहितीत होतं: मोठ्या बहिणीचं आतड्याचं ऑपरेशन, याच रुग्णालयात, चार वर्षांपूर्वी. मी तळघरातून जुनी स्लाइड काढून आणली आणि लावली. सगळं तिथेच होतं, मी लिहिल्याप्रमाणे. धाकट्या बहिणीला ती चार वर्षं मी देऊ शकले असते. ही गोष्ट मी आजवर विद्यार्थ्यांना सांगत आले, छापील मजकुरात पहिल्यांदा लिहिते आहे.

तुम्ही काय करायचं ते सांगते. सुरुवात तुमच्यापासून नको, आईपासून करा. त्या आजारी पडल्या होत्या आणि सुदैवाने आहेत, त्यामुळे त्यांचं रक्त सगळ्यांत नेमकं उत्तर देईल. त्यांच्या गर्भाशयाचा आणि दादाच्या गाठीचा मेणाचा ठोकळा ज्या प्रयोगशाळेत तपासणी झाली तिथे असू शकतो. आम्ही त्याला ब्लॉक म्हणतो आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. रिपोर्टवरचा क्रमांक घेऊन जा आणि त्यावर चार प्रथिनांची तपासणी करून मागा. आईंमध्ये जनुकाचा दोष सापडला तर मग तुमची रक्ततपासणी. तुमच्यात तो दोष उतरलेला नसेल, तर तुमचा धोका चारचौघींइतकाच. असेल तर एमएलएच१ आणि एमएसएच२साठी २० ते २५ वर्षांपासूनच दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करतात, म्हणजे तुमची वेळ आलेलीच आहे. बाकीच्या दोन जनुकांसाठी थोडी उशिरा चालते. गर्भाशयासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांशी वेगळं बोलावं लागेल, आणि अवेळी रक्तस्राव झाला तर ‘पाळी मागेपुढे होतेच’ म्हणून सोडायचं नाही.

तुम्हाला ‘काहीच होत नाही’ ही तपासणी करण्याची सगळ्यांत चांगली वेळ आहे. घरच्यांना हे पान वाचून दाखवा.

प्रश्न: माझ्या पाच वर्षांच्या मुलाच्या शौचातून रक्त आलं. दुर्बिणीत एक पॉलिप निघाला आणि तो काढला. रिपोर्ट ‘ज्युवेनाइल पॉलिप’. एवढ्या लहान वयात कर्करोग?

कर्करोग नाही. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला लहानसा कोंभ. दोन ते दहा वर्षांच्या मुलांमध्ये एकटादुकटा ज्युवेनाइल पॉलिप ही अगदी नेहमीची आणि निरुपद्रवी गोष्ट आहे. काढला, संपलं. असे पाच किंवा जास्त निघाले असते किंवा घरात कोणाला असते, तर मी वेगळं लिहिलं असतं. त्याला खेळू द्या.

प्रश्न: वय ६१, बाई. गुदद्वाराजवळची गाठ. सगळ्यांच्या रिपोर्टमध्ये ॲडेनोकार्सिनोमा असतं, माझ्यात ‘स्क्वेमस सेल कार्सिनोमा’ आलंय. प्रयोगशाळेची चूक असेल का?

चूक असेल असं वाटत नाही. आतडं जिथे संपतं तिथे शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये अस्तर बदलतं, ते त्वचेच्या जवळचं होतं. तिथून उगवणारा कर्करोगही वेगळा. त्यामागे बहुतेक वेळा एचपीव्ही हा विषाणू असतो, गर्भाशयमुखाच्या कर्करोगात असतो तोच, आणि हा प्रकार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त दिसतो. उपचारही निराळे: १९७४ साली नॉर्मन निग्रो या सर्जनने दाखवलं, की केमोथेरपी आणि किरणोपचार एकत्र दिले तर गाठ ऑपरेशनआधीच नाहीशी होऊ शकते. आजही पहिला उपचार तोच, आणि बहुतेकांना मळासाठी पोटावर कायमची पिशवी लावावी लागत नाही. गर्भाशयमुखाची तपासणी करून घेतली नसेल तर तीही घ्या.

प्रश्न: ५२ वर्षांची आहे. शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी फिट तपासणी केली, निगेटिव्ह आली. आता निर्धास्त राहू का?

या वेळेपुरती. फिट ही चांगली तपासणी आहे, पण ती रक्त शोधते. उजव्या बाजूला काही पॉलिप चपटे असतात, अस्तराला चिकटून बसलेले. काचेखाली त्यांच्या ग्रंथींच्या कडा करवतीसारख्या दिसतात, म्हणून त्यांना सेरेटेड म्हणतात. ते फारसं रक्त सोडत नाहीत. दुसऱ्या पत्रातल्या आईंची गाठ बहुधा अशाच पॉलिपातून वाढली असणार. म्हणून फिट एकदा करून सोडायची नसते, दर वर्ष-दोन वर्षांनी करायची असते. लोह कमी निघालं किंवा रक्त दिसलं, तर आधीच्या निगेटिव्ह कागदाकडे बघायचं नाही, सरळ कोलोनोस्कोपी करायची. आणि ती केली की रिपोर्टमध्ये ‘सीकमपर्यंत पोचलो’ हे वाक्य शोधा. सीकम म्हणजे मोठ्या आतड्याचं उजवीकडचं सुरुवातीचं टोक. बायकांचं आतडं बरेचदा लांब आणि वळणाचं असतं, दुर्बीण मध्येच अडते, आणि न पाहिलेली राहते ती नेमकी उजवी बाजू.

प्रश्न: मी वैद्यकीय शाखेची विद्यार्थिनी. आम्हाला शिकवतात की स्लाइड आधी फॉर्म न बघता वाचा, नाहीतर वय बघून मन आधीच ठरवून टाकतं. तुम्ही मात्र सगळा भर वयावरच देता. मग योग्य काय?

तुम्हाला शिकवणाऱ्यांचं बरोबर आहे आणि मीही तसंच करते. स्लाइड आधी, फॉर्म उलटा ठेवून. ३४ हा आकडा आधी दिसला तर दाह म्हणून सोडून देण्याचा मोह होतो, ८० दिसला तर साध्या सुजलेल्या ग्रंथीतही कर्करोग दिसायला लागतो. दोन्ही चुका मी दुसऱ्यांच्या आणि स्वतःच्या रिपोर्टमध्ये पाहिल्या आहेत.

पण काचेखाली जे दिसलं त्याला नाव देणं हे अर्धंच काम आहे. ते कोणाच्या शरीरात, कोणत्या बाजूला, कोणत्या वयात दिसलं, यावरून पुढचे प्रश्न ठरतात. तरुणीच्या अंडाशयात म्युसिनने भरलेली गाठ आली, तर ती अंडाशयाचीच की आतड्यातून तिथे पोचलेली, हे विचारायचं सुचलं पाहिजे. वीस वर्षांच्या मुलाच्या आतड्यात शेकडो पॉलिप असतील तर एपीसी नावाच्या जनुकाचा जन्मजात दोष आणि त्याची भावंडं आठवली पाहिजेत, कारण वेळेत आतडं काढलं नाही तर त्या आजारात कर्करोग जवळजवळ अटळ असतो. चाळिशीतल्या बाईच्या उजव्या गाठीत लिम्फोसाइटची दाटी दिसली, की चार प्रथिनं मागवायची, कोणी मागितली नसली तरी. मी तर आता प्रत्येक गाठीवर मागवते, वय कितीही असो.

वयाचा रकाना अजूनही रिकामा येतो, आठवड्यात एखाद-दोनदा तरी. अशा रिपोर्टवर मी सही करत नाही. वॉर्डात फोन लावते, सिस्टरना केसपेपर काढायला सांगते आणि कळलेलं वय माझ्या हाताने त्या रकान्यात लिहिते. मग स्लाइड पुन्हा लावते.